सात वर्षांची रेघबाई

माऊसला लॉगिन कशाला लागतं, हा प्रश्न रेघबाईंनी तो माऊस खोक्यातून निघाला त्याच दिवशी विचारला होता. पेन्सिलीला पासवर्ड नव्हता, रबराला नव्हता, ड्रॉइंग बोर्ड तर ओल्या फडक्याने पुसला की मुकाट कामाला लागायचा. त्यावर जावयाने 'आई, आता सगळं क्लाउडवर असतं' असं म्हणून आकाशाकडे बोट दाखवलं होतं. विचारलेल्या प्रश्नाला जो आकाश दाखवतो त्याला स्वतःला काही कळलेलं नसतं, हे त्यांना पंचावन्न वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. पण माऊस त्याने आणून दिला होता, म्हणून त्या गप्प बसल्या.

रेघबाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायच्या. शहराच्या पोटातून कुठला पाइप कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे त्याच्यावर झडप बसवली आहे, हे सगळं अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हातून कागदावर उतरत आलं होतं. रेघ इतकी नेटकी की आधी चेष्टेने आणि मग सवयीने सगळी कचेरी त्यांना रेघबाई म्हणू लागली. खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

गेल्या वर्षी त्या कचेरीच्याच जिन्यावरून पडल्या. ती फरशी सुटली आहे असे तीन अर्ज त्यांनी स्वतः दिले होते, आणि तिन्ही अर्जांवर 'पाहिले' असा शेरा होता. पाहणारे पाहत राहिले आणि डावं मनगट रेघबाईंचं गेलं. हाड जुळलं, पण तीन बोटं वळेनात. नकाशे काढणाऱ्याचा उजवा हात माऊसवर असतो आणि डावा कीबोर्डवर. एकेका हुकमाला एकेक अक्षर दाबायचं असतं. डावा हात गेला म्हणजे निम्मा माणूस गेला.

तोड सुचवली ती हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईने. गेम खेळणारी मंडळी एक माऊस वापरतात, त्याला अंगठ्यापाशी बारा बटणं असतात, प्रत्येकाला हवं ते काम शिकवता येतं. जावयाने तो आणला, कचेरीत येऊन बसवून दिला, आणि रेघबाईंनी एकाला रेघ, दुसऱ्याला छाट, तिसऱ्याला माप असं करत बाराच्या बारा बटणांना कामाला लावलं. दोन महिन्यांत उजव्या अंगठ्याने डाव्या हाताची नोकरी पत्करली. माऊसबरोबर एक रबरी गादीही फुकट आली होती, तिच्यावर आग ओकणारा ड्रॅगन. रेघबाई रोज त्या ड्रॅगनच्या नाकावर हात ठेवून शहराच्या पाण्याचे नकाशे काढत.

एवढं होऊनही साहेबांचं पत्र आलंच. 'कार्यक्षमता चाचणी', शुक्रवारी दुपारी तीन वाजता, साहेब आणि कार्मिक विभागाच्या बाई यांच्यासमोर. झडपेच्या खोलीचा एक नकाशा, वेळ चाळीस मिनिटं. जमलं तर खुर्ची राहणार, नाही तर आवक-जावकच्या टेबलावर बदली. त्या टेबलावर येणाऱ्या कागदावर एक शिक्का आणि जाणाऱ्या कागदावर दुसरा शिक्का मारायचा असे. कचेरीला नको झालेली माणसं तिथे निवृत्तीची वाट बघत बसत. रेघबाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं होती, आणि तीन वर्षं शिक्के मारण्यापेक्षा दुसरा हातही मोडलेला बरा, असं त्यांचं मत होतं.

आणि गुरुवारी सकाळी संगणक सुरू केला तर पडद्याच्या मधोमध माऊसची एक काळी चौकट. 'स्वागत आहे, योद्धा! नवी आवृत्ती आली आहे. पुढे जाण्यासाठी लॉगिन करा.'

योद्ध्याने चष्मा लावून वहीतला पासवर्ड टाकला. 'आत येता आले नाही. पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. बटणं मात्र चालत होती. ती चौकट बाजूला सरकवून काम करता आलं असतं. पण उद्या परीक्षा, घोळ नको, म्हणून त्यांनी जावयाला फोन लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जावई एका कंपनीत कसलातरी समन्वयक होता. नेमकं काय करतो ते लग्नाला चार वर्षं झाली तरी रेघबाईंना कळलं नव्हतं, आणि त्यालाही कळलं असेल याची खात्री नव्हती. लेक आणि तो रेघबाईंच्याच घरात राहायचे. पण संगणकाचा विषय निघाला की त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

"आई, आधी वायर काढून दुसऱ्या खाचेत घाला."

घातली.

"आता मशीन बंद करून चालू करा."

केलं.

"कॅशे क्लिअर केलीत?"

"तुम्ही सांगा कुठे असते, करते."

कॅशे कुठे असते ते त्यालाही माहीत नव्हतं. "जाऊ द्या. माऊसचं सॉफ्टवेअरच काढून टाका आणि नव्याने टाका. एकदम फ्रेश होऊन जाईल."

रेघबाईंनी काढलं आणि नव्याने टाकलं. खरंच एकदम फ्रेश झालं. इतकं की आठ महिन्यांची मांडणी धुऊन निघाली. बारा बटणांना आता काही म्हणजे काही आठवत नव्हतं. रेघेचं बटण दाबलं की पडद्यावर नुसता १ उमटायचा, छाटीचं दाबलं की २, मापाचं दाबलं की ३. चांगलं चाललेलं औषध ओतून टाकून रिकामी बाटली विसळून देणारा वैद्य तो हाच. आणि आधीची मांडणी होती म्हणे क्लाउडवर, म्हणजे लॉगिन झाल्याशिवाय ती परत मिळणार नव्हती.

दुपारपर्यंत रेघबाई माऊसच्या कंपनीच्या मदतकक्षाशी लेखी बोलत बसल्या. आधी यंत्र बोललं. त्याने चार वेळा 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे' असं सांगितलं आणि मग ड्रॅगन असलेली चित्रं निवडायला लावली, त्या माणूस आहेत की नाही हे ठरवण्यासाठी. ड्रॅगन ओळखण्यात रेघबाईंचा हातखंडा होता. मग एक खराखुरा मदतनीस आला. त्याने खोक्यावरचा क्रमांक मागितला, पावतीचा फोटो मागितला, आणि शेवटी लिहिलं, 'योद्धा, अडचण सापडली आहे. आमच्या नव्या नियमाप्रमाणे बालखात्यांना पालकांच्या परवानगीशिवाय लॉगिन करता येत नाही.'

'माझं खातं बालखातं कसं?' रेघबाईंनी एका बोटाने टाइप केलं.

'नोंदीप्रमाणे तुमचं वय सात वर्षं आठ महिने आहे.'

रेघबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि ते वाक्य परत वाचलं.

'मी पंचावन्न वर्षांची आहे. वय दुरुस्त करा.'

'वय बदलण्याचा अर्ज पालकांनी करायचा असतो.'

'माझे आईवडील जाऊन वीस वर्षं झाली.'

'हे ऐकून वाईट वाटलं. नोंदवलेले पालक बदलायचे असतील, तर नोंदवलेल्या पालकांची परवानगी लागेल. आणखी काही मदत करू का, योद्धा?'

पगार घेऊन इतकं निरुपयोगी होता येतं याचं रेघबाईंना नवल वाटायला नको होतं, कारण त्या अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत होत्या. तरी वाटलंच. खाली एक निळं बटण होतं, 'पालकांना विनंती पाठवा'. त्यांनी ते दाबलं आणि जावयाला पुन्हा फोन केला.

"जावईबापू, माझी जन्मतारीख काय टाकली होतीत?"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "त्याचं काय झालं आई, ज्यांचा वाढदिवस त्या महिन्यात असेल त्यांना ती गादी फुकट होती. मग मी महिना बदलला."

"आणि वर्ष?"

"वर्षाच्या खान्यात आधीच काहीतरी होतं. म्हटलं असू दे."

"असू दे!"

"मग त्यांनी पालकांचा ईमेल विचारला, तर मी माझा टाकला. मला वाटलं हल्ली विचारतात असं."

एका रबरी तुकड्यासाठी या शहाण्याने सासूला पहिलीत बसवलं होतं आणि वर तिचं पालकत्व स्वीकारलं होतं. जावईशोध हा शब्द ज्या कुणी काढला त्याच्या घरीही असलाच एक नग असणार.

"ते राहू दे," रेघबाई म्हणाल्या. "तुम्हाला मेल आला असेल. त्यात होय म्हणा, बस."

"लगेच म्हणतो!"

लगेच म्हणजे संध्याकाळपर्यंत काही नाही. घरी आल्यावर पाहतात तो हा सोफ्यावर पाय वर घेऊन फोनवर बोट फिरवतोय. त्याच्या मेलपेटीत अकरा हजार न वाचलेले मेल होते. वीजबिल, विमा, हप्ते, जे काही कामाचं येई ते लेकच लॅपटॉपवर त्याची पेटी उघडून बघायची. हा नुसता मालक.

"आलाच नाहीये आई. सर्व्हर डाऊन असेल त्यांचा."

"डोळे डाऊन असतील. नीट बघा."

लेक जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. सहावा महिना चालू होता, पाय सुजायचे, म्हणून दुसऱ्या खुर्चीवर ठेवले होते. ती मान वर न करता म्हणाली, "आई, एवढं काय त्याचं? नाही झालं तर नाही झालं. किती वर्षं राबणार आहेस? त्या हातालाही जरा विश्रांती मिळू दे."

"हात माझा आहे. त्याला विश्रांती नकोय."

"मला बघवत नाही गं तुझे हाल."

रेघबाईंना बरं वाटलं. निदान पोटची पोर तरी जीव लावते, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तिच्या पायाखाली आणखी एक उशी सरकवली.

शुक्रवारी सकाळी दहाला त्यांनी संगणक उघडला. चौकट होतीच, पण आज तिच्यात वेगळा मजकूर होता.

'तुमच्या पालकांनी परवानगी नाकारली आहे. कारण: मुलाला विश्रांतीची गरज आहे. पुन्हा विनंती तीस दिवसांनी करता येईल.'

रेघबाईंना असा संताप आला की डाव्या हाताची न वळणारी बोटंसुद्धा वळतील असं वाटलं. चुकून दाबलं असेल, असं म्हणायला जागा नव्हती. चुकून दाबणारा माणूस कारण देत नाही. म्हणजे माझ्या घरात राहून, माझ्या हातचं खाऊन, हा उंटावरचा शहाणा मला घरी बसवणार. बाळ येणार, त्याला फुकटची आया पाहिजे. फोन करून त्याची सालटी काढावी असं मनात आलं, पण घड्याळात सव्वादहा झाले होते आणि सालटी संध्याकाळीही काढता आली असती. त्यांनी ते पान छापून घेतलं, घडी करून पर्समध्ये टाकलं.

मग माऊस हातात घेतला आणि वैतागून बटणं दाबत सुटल्या. पडद्यावर, नकाशा काढायच्या प्रोग्रॅमच्या खालच्या ओळीत, आकडे उमटत गेले. १, २, ३. हुकूम लिहायच्या जागी आकडा. 'असा हुकूम नाही' असं त्या प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी सभ्यपणे कळवलं.

असा हुकूम नाही. बरं, नाही तर नाही. पण हुकूम कुणी ठरवले होते?

टेबलाच्या काचेखाली हुकमांच्या लघुरूपांचा एक पिवळा पडलेला कागद होता. वीस वर्षांपूर्वी कचेरीत बोर्ड जाऊन संगणक आले, तेव्हा सगळ्यांसाठी हुकमांची लघुरूपं कुणी बसवली होती? रेघबाईंनी. संगणकातच त्यांची एक साधी यादी होती, कुठल्याही पत्रासारखी उघडता येणारी: डावीकडे अक्षर, मध्ये स्वल्पविराम, उजवीकडे हुकूम. तिला ना खातं होतं ना पालक. वीस वर्षांत कुणी तिला हात लावला नव्हता, कारण ती आहे हेच बाकीच्यांना माहीत नव्हतं.

माऊसला हुकूम शिकवता येत नव्हता, तर हुकमांना माऊसचे आकडे शिकवायचे. रेघबाईंनी यादी उघडली आणि उजव्या हाताच्या एका बोटाने बारा नव्या ओळी टाइप केल्या. एक, स्वल्पविराम, रेघ. दोन, स्वल्पविराम, छाट. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. अंगठ्याने पहिलं बटण दाबलं, १ उमटला, हुकूम पक्का करणारी माऊसची उजवी कळ दाबली आणि रेघ सुरू झाली.

त्या एकट्याच मोठ्याने हसल्या. शिवाय फायदा असा की रेघ सुरू झाल्यावर तिची लांबी टाकायलाही तीच बटणं चालत होती. म्हणजे आकडे टाकायला आता कीबोर्डाकडे जायचं कामच नव्हतं. कंपनीने एवढा थाट केला, योद्धा म्हटलं, क्लाउड म्हटलं, आणि त्या सगळ्याशिवाय माऊस जास्त चांगला चालत होता. त्यांनी काळ्या चौकटीचं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि तीन वाजेपर्यंत सराव केला.

साहेब तीन वाजून दहा मिनिटांनी आले. कार्मिक विभागाच्या बाईंनी फोनवर घड्याळ लावलं. साहेबांनी गादीवरच्या ड्रॅगनकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे गेमचं आहे ना? कचेरीत असल्या वस्तू चालतात का?"

"सुटलेल्या फरश्या चालतात साहेब," रेघबाई म्हणाल्या. "सुरू करू?"

साहेबांनी मान हलवली. अंगठा चालत होता, रेघा पडत होत्या, भिंती, झडप, झाकण, शिडीच्या पायऱ्या, मापं. सत्ताविसाव्या मिनिटाला रेघबाईंनी नकाशा छापून साहेबांच्या हातात दिला. चूक काढायची म्हणून ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून सही केली. कार्मिक विभागाच्या बाईंनी मात्र अर्जावर 'सक्षम' असं लिहिलं आणि जाताना रेघबाईंचा डावा हात हलकेच दाबला.

संध्याकाळी रेघबाई घरी आल्या त्या वाघ होऊनच. चपलाही न काढता त्यांनी पर्समधला कागद काढून जावयासमोर ठेवला.

"वाचा. मोठ्याने वाचा, पालक."

जावयाने वाचलं. त्याचा चेहरा असा झाला की रेघबाईंना पहिल्यांदाच शंका आली. इतकं खरं आश्चर्य त्याला नाटक म्हणून जमलं नसतं. तेवढी बुद्धी असती तर बोलायला नको होतं.

"आई, मी नाही म्हटलंच नाही! आज जेवणाच्या सुट्टीत सापडला तो मेल. मी होय दाबलं. तर म्हणे उत्तर आधीच मिळालं आहे. हे बघा." त्याने घाईघाईने फोन पुढे केला. "गुरुवारी संध्याकाळीच कुणीतरी..."

बोलता बोलता तो थांबला आणि टेबलाकडे बघू लागला. रेघबाईंनीही तिकडे पाहिलं. लेक लॅपटॉप मिटून दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला त्या दिवसभर निघाल्या होत्या.

"तू?" रेघबाई म्हणाल्या.

"आई, तुझ्या भल्यासाठीच केलं गं. परीक्षेत सगळ्यांसमोर तुझी फजिती झाली असती. आणि तीन महिन्यांनी बाळ येणार. माझी रजा संपली की मी काय करू? बाहेरच्या बाईवर टाकून जाऊ? तू घरी असलीस तर..." तिने लॅपटॉप बाजूला सारला. "मला वाटलं, नाहीच जमलं तर तू आपोआपच थांबशील."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. जावयावर ओरडायला जे शब्द रस्ताभर जमवले होते, त्यातला एकही रेघबाईंना आता उपयोगाचा वाटेना. काल या पोरीच्या पायाखाली आपण उशी सरकवत होतो, तेव्हा लॅपटॉपवर हिने आपल्याला विश्रांती देऊन टाकली होती, हे त्यांना आता कळलं.

"फजिती नाही झाली," त्या म्हणाल्या. "सव्वीस मिनिटांत झाला नकाशा."

"अरे वा!" जावई म्हणाला, आणि कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही म्हणून गप्प बसला.

"बाळाला मी बघावं असं वाटत होतं, तर मला विचारायचं होतंस," रेघबाई लेकीला म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या मागे तुला एकटीने वाढवलं, ते कुणाच्या परवानगीने? विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. तीन वर्षं राहिली होती माझी. नातवासाठी सोडली असती."

लेकीने डोळे पुसले. तिला त्यात आशा दिसली. "मग आता विचारते ना, आई. घरी राहशील?"

"नाही."

"का पण?"

रेघबाईंनी टेबलावरचा जावयाचा फोन उचलला. मेल उघडाच होता. खाली परवानगी नाकारायची तीन कारणं दिली होती, त्यातलं एक निवडायचं. पहिलं, मूल अजून लहान आहे. दुसरं, मुलाला विश्रांतीची गरज आहे. त्यांनी फोन लेकीसमोर धरला आणि अंगठा तिसऱ्या कारणावर टेकवला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "'कारण सांगू इच्छित नाही.'"